खरेदीखत कोणाच्या नावे?
(अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या सामाईक वास्तूंचा इतिहास)

महात्मा जोतीराव फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ १८७३ साली प्रसिद्ध केला, तेव्हा तो त्यांनी अमेरिकेतील सज्जन लोकांस अर्पण केला होता, ही गोष्ट आपल्या वाचकांस विदित असेलच. निग्रो गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी त्या लोकांनी जी निःस्वार्थ बुद्धी व जो स्वार्थत्याग दाखविला, त्याबद्दलचा आदर त्या अर्पणपत्रिकेत व्यक्त झाला आहे. (‘निग्रो’ हा शब्द त्या काळचा, आज तो सन्मानाचा मानला जात नाही, म्हणून पुढे तो योजिलेला नाही.) अर्पणपत्रिकेत गौरव आहे तो मुक्त करणाऱ्यांचा. परंतु जे मुक्त झाले, त्यांनी स्वतःच्या हातांनी काय उभारले, उभारलेले कसे राखले, आणि कोठे राखता आले नाही, याचा वृत्तान्त आपल्याकडे फारसा कोणी सांगितलेला नाही. सभागृह, वसतिगृह, विद्यार्थी-साहाय्यक निधी यांच्या हिशेबांत ज्यांची हयात गेली, अशा ज्ञातिबंधुभगिनींना तो वृत्तान्त परका वाटणार नाही.

आरंभ फिलाडेल्फिया शहरापासून करावा लागतो. तेथे रिचर्ड ॲलन व ॲबसालोम जोन्स या दोन गृहस्थांनी १२ एप्रिल १७८७ रोजी ‘फ्री आफ्रिकन सोसायटी’ या नावाची मंडळी स्थापिली. दोघेही जन्माने गुलाम; ॲलन यांनी स्वकष्टाच्या पैशाने आपले स्वातंत्र्य धन्याकडून विकत घेतलेले, तर जोन्स यांना त्यांच्या धन्याने मुक्त केलेले. संस्थेचा नियम साधा होता. प्रत्येक सभासदाने दरमहा १ शिलिंग चांदीच्या नाण्यात भरावयाचा. एक वर्ष वर्गणी भरून झाल्यावर जो कोणी सभासद अडचणीत येईल त्याला आठवड्यास ३ शिलिंग ९ पेन्स मिळावयाचे. मात्र ही अडचण त्याने आपल्या बेपर्वाईने ओढवून घेतलेली नसावी, अशी अट होती. ज्यांनी आपल्याकडील जुन्या फंडांची नियमावली वाचली आहे त्यांना या अटीमागील चाणाक्षपणा लगेच ध्यानी येईल.

या मंडळीच्या हिशेबीपणाची कसोटी लवकरच लागली. १७९३ साली फिलाडेल्फियात पीतज्वराची भयंकर साथ आली. कृष्णवर्णीयांना हा ज्वर बाधत नाही, अशी त्या वेळच्या एका प्रख्यात वैद्याची समजूत होती. ती सर्वस्वी चुकीची होती आणि तिच्यापायी अनेकांचे प्राण गेले. तथापि ॲलन, जोन्स व त्यांचे सोबती रोग्यांची शुश्रूषा करीत, मृतांना मूठमाती देत शहरात राहिले. साथ ओसरल्यावर एका पुस्तिकाकाराने त्यांच्यातील काही जणांवर असा आळ घेतला की, त्यांनी संकटाचा फायदा घेऊन अवाच्या सवा पैसे उकळले. यावर दोघांनी १७९४ साली उत्तरादाखल एक पुस्तिका छापली व तीत जमाखर्च मांडून दाखविला: जमा २३३ पौंड १० शिलिंग ४ पेन्स, शवपेटिकांचा खर्च ३३ पौंड, पाच मजुरांची मजुरी ३७८ पौंड, म्हणजे १७७ पौंड ९ शिलिंग ८ पेन्स पदरचे गेले. तिघा मजुरांनी सत्तर दिवस व दोघांनी त्रेसष्ट दिवस काम केले, आणि रोज साडेबावीस शिलिंग पडला, हेही नोंदविले आहे. गुणाकार करून पाहावा. आकडा पैन्‌पै जुळतो. ज्यांना काही वर्षांपूर्वीपर्यंत कायद्याच्या दृष्टीने मालमत्तेत गणले जात होते, त्यांनी आपल्या अब्रूचे रक्षण हिशेबाच्या वहीने केले. या इतिहासात मोठमोठी भाषणे पुष्कळ आहेत. प्रस्तुत लेखकाला मात्र हे पान त्या सर्वांहून बोलके वाटते.

आता वास्तूची कथा. हे लोक पूर्वी सेंट जॉर्ज नावाच्या मेथॉडिस्ट चर्चमध्ये उपासनेला जात. तेथे वरचा सज्जा बांधावयाचा व नवी जमीन घालावयाची ठरले, तेव्हा त्यांनी वर्गणीही दिली व अंगमेहनतही केली. पुढे एका रविवारी त्याच सज्ज्यात ते गुडघे टेकून प्रार्थना करीत असता, ‘ही जागा तुमची नव्हे’ अशा अर्थाने एका विश्वस्ताने जोन्स यांना ओढून उठविण्याचा प्रयत्न केला. प्रार्थना संपेपर्यंत थांबण्याची विनंतीही मानली गेली नाही. प्रार्थना संपली, आणि सर्व मंडळी एकजुटीने बाहेर पडली. आपण पैसा दिला, घाम गाळला, तरी जागा आपली झाली नाही, हा धडा त्या दिवशी मिळाला. जोन्स यांनी पुढे वेगळ्या पंथाचे चर्च काढले. ॲलन यांनी सहाव्या रस्त्याच्या व लोम्बार्ड रस्त्याच्या कोपऱ्यावरील जमीन स्वतः घेतली होती. तेथे त्यांनी एक जुनी लोहारशाळा विकत घेऊन घोडे जुंपून ओढत आणविली, सुतारांकडून ती दुरुस्त करविली, आणि २९ जुलै १७९४ रोजी तिचे ‘बेथेल’ या नावाने उद्‌घाटन झाले.

येथवरची हकीकत अमेरिकेत शाळकरी मुलांनाही सांगतात. खरा बोध तिच्या पुढील भागात आहे व तो सहसा सांगितला जात नाही. १७९६ साली संस्थेची कायदेशीर नोंदणी करावयाची ठरली. कागदपत्रांचे ज्ञान मंडळीपाशी बेताचे; तेव्हा एका गौरवर्णीय धर्मोपदेशकाने मसुदा करून देण्याचे सौजन्य दाखविले व त्यांनी ते विश्वासाने स्वीकारले. सुमारे दहा वर्षांनी एक नवा अधिकारी आला. त्याने किल्ल्या व वह्या आपल्या स्वाधीन कराव्यात आणि आपल्या परवानगीवाचून सभा भरवू नयेत, असे फर्मावले. मंडळी वकिलाकडे गेली, तेव्हा प्रथमच उमगले की, त्या मसुद्यान्वये वास्तू त्यांची नव्हतीच. ती पंथाच्या मध्यवर्ती परिषदेच्या हवाली झालेली होती! ज्या जमिनीचे पैसे ॲलन यांनी दिले, जिच्यावरील भिंती सभासदांनी उभारल्या, ती एका लेखणीच्या फटकाऱ्यासरशी परक्याची होऊन बसली होती.

वकिलाने उपाय सुचविला तो असा: सभासदांच्या दोन-तृतीयांश बहुमताने घटनेला पुरवणी जोडता येते. त्याप्रमाणे १८०७ साली ‘आफ्रिकन पुरवणी’ मंजूर करण्यात आली व वास्तूचा कारभार विश्वस्तांच्या हाती आला. तरी भांडण मिटले नाही. प्रवचनकारांचे मानधन किती, व्यासपीठावर कोणाचा अधिकार, यांवरून कुरबुरी चालू राहिल्या आणि १८१५ साली प्रकरण इतके विकोपाला गेले की वास्तू जाहीर लिलावात निघाली. ॲलन यांनी लिलावात उभे राहून दहा हजार डॉलरांहून अधिक बोली केली व आपलेच चर्च पुन्हा विकत घेतले. त्याच वर्षाच्या अखेरीस एक वरिष्ठ धर्माधिकारी प्रवचन करण्याच्या निश्चयाने आत शिरला, तेव्हा श्रोत्यांनी मधली वाट अशी दाटून भरली की त्याला व्यासपीठापर्यंत पोहोचता आले नाही. त्याने न्यायालयात धाव घेतली. १ जानेवारी १८१६ रोजी पेन्सिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने बेथेलच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी ‘आफ्रिकन मेथॉडिस्ट एपिस्कोपल चर्च’ हा स्वतंत्र पंथ स्थापन होऊन ॲलन त्याचे पहिले बिशप झाले. त्या कोपऱ्यावर आज जी भव्य इमारत आहे ती चौथी. जमीन मात्र तीच. अखंडपणे कृष्णवर्णीयांच्या मालकीत राहिलेली त्या देशातील ती सर्वांत जुनी जमीन होय, असे मानण्यात येते. ॲलन यांची समाधीही तेथेच, तळघरात आहे.

यावरून कोणी असे अनुमान काढील की कागद पक्का असला म्हणजे सर्व काही झाले. तसे नाही. न्यूयॉर्क शहरात सेंट्रल पार्क या नावाचे जे विस्तीर्ण उद्यान आहे, त्याच्या पश्चिम अंगाला पूर्वी सेनेका व्हिलेज नावाची वस्ती होती. २७ सप्टेंबर १८२५ रोजी अँड्र्यू विल्यम्स नावाच्या पंचवीस वर्षांच्या, बूट पुसण्याचा धंदा करणाऱ्या कृष्णवर्णीय तरुणाने १२५ डॉलरांस तीन भूखंड घेतले. त्याच सुमारास एका चर्चनेही दफनभूमीसाठी भूखंड घेतले, आणि हळूहळू गाव वसले. घराची मालकी ही तेथे केवळ आसऱ्याची बाब नव्हती. न्यूयॉर्क राज्याच्या १८२१ च्या घटनेनुसार कृष्णवर्णीय पुरुषास मत देण्यासाठी २५० डॉलरांची स्थावर मिळकत असणे सक्तीचे होते. गौरवर्णीयांस ती अट उरली नव्हती. म्हणजे भिंत आणि मत ही तेथे एकत्र बांधलेली होती. १८५५ च्या सुमारास गावात सव्वादोनशेच्या आसपास माणसे होती. त्यांतील दोन-तृतीयांश कृष्णवर्णीय, उरलेली बहुतेक आयर्लंडहून आलेली. तीन चर्चे, एक शाळा, दफनभूमी असा सारा सरंजाम होता.

उद्यानाची योजना निघाली तेव्हा वर्तमानपत्रांनी या लोकांना उपटसुंभ ठरविले, जणू ते सरकारी पडीवर झोपड्या टाकून बसले होते. खरेदीखते असूनही सार्वजनिक कामासाठी सक्तीने जमीन संपादन करण्याच्या अधिकारापुढे ती टिकली नाहीत. नुकसानभरपाई मिळाली ती एकेकट्या मालकाला. गावाला मिळाली नाही. १८५७ पर्यंत सारे गाव उठले व माणसे दाही दिशांना गेली. सर्वांनी मिळून अन्यत्र जागा घ्यावी, शाळा व चर्च पुन्हा एके ठिकाणी उभारावे, असे घडले नाही. पुढे शतकाहून अधिक काळ हे गाव लोकांच्या आठवणीतूनही पुसले गेले. २०११ साली पुराणवस्तुसंशोधकांनी तेथे उत्खनन केले, तेव्हा लोखंडी किटली, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे, आणि एका लहान मुलाचा चामडी तळव्याचा बूट सापडला.

आता शाळांकडे वळू. १९१२ च्या सुमारास अलाबामातील टस्कीगी येथील विख्यात शिक्षणसंस्थेचे संस्थापक बुकर टी. वॉशिंग्टन यांनी शिकागोचे धनिक व्यापारी ज्यूलियस रोझेनवाल्ड यांच्यापुढे अशी कल्पना मांडली की, दक्षिणेतील खेड्यापाड्यांतून कृष्णवर्णीय मुलांसाठी शाळागृहे बांधावीत. सरकारी शाळा होत्या, पण गोऱ्या मुलांसाठी निराळ्या व काळ्या मुलांसाठी निराळ्या; आणि दुसऱ्यांच्या वाट्याला बहुधा गळके छप्पर येई. रोझेनवाल्ड यांनी देणगी दिली, परंतु अशी अट घातली की गावकऱ्यांनी व सरकारनेही आपापला वाटा उचलावा. १९३२ पर्यंत पंधरा राज्यांत ४,९७७ शाळागृहे उभी राहिली. शिक्षकांची घरे व कार्यशाळा धरून एकूण इमारती ५,३५७.

या इमारतींस आजही ‘रोझेनवाल्ड शाळा’ असेच म्हणतात. नाव देणाऱ्याचे राहिले, ही जगाची रीतच आहे. परंतु ताळेबंद पाहावा. एकूण खर्च २ कोटी ८४ लक्ष डॉलरांच्या वर. त्यात रोझेनवाल्ड निधीचा वाटा सुमारे ४३ लक्ष ६६ हजार. आणि कृष्णवर्णीय गावकऱ्यांची वर्गणी ४७ लक्ष २५ हजारांहून अधिक! म्हणजे कोट्यधीशाच्या देणगीहून कुळवाड्यांची वर्गणी मोठी भरली. शिवाय ज्या सरकारी करांतून सर्वांत मोठा हिस्सा आला ते करही हेच लोक भरीत होते. तेव्हा एकाच शाळेसाठी त्यांनी दोनदा पैसा दिला असे म्हणावे लागते. रोख रक्कम नसे, म्हणून कोणी शेताचा एक तुकडा राखून त्यातील कापसाचे उत्पन्न शाळेला देई, कोणी लाकूड तोडून आणी, कोणी जमीनच देई, बायका खाद्यपदार्थ करून विकीत.

मात्र एक अट पुढे जाचक ठरली. इमारत बांधून झाली की जमिनीसह ती सरकारी शाळामंडळाच्या नावे करून द्यावी लागे. शिक्षकांचा पगार सरकारने द्यावा यासाठी ही अट आवश्यक होती, हे मान्यच केले पाहिजे. तीवाचून शाळा चाललीच नसती. परंतु १९५४ साली वर्णभेदी शाळा घटनाबाह्य ठरल्या व पुढील वर्षांत जसजसे एकत्रीकरण होत गेले, तसतशा बहुतेक ठिकाणी बंद पडल्या त्या कृष्णवर्णीयांच्या शाळा. ज्या आजोबांनी कापूस विकून भिंत उभारली, त्यांच्या नातवंडांना ती इमारत शाळामंडळाकडून पुन्हा विकत घ्यावी लागल्याची उदाहरणे आहेत. अनेक इमारती पडझडीने नाहीशा झाल्या. २००२ साली तेथील राष्ट्रीय वारसा-रक्षक संस्थेने रोझेनवाल्ड शाळांचा समावेश अत्यंत धोक्यात असलेल्या वास्तूंच्या यादीत केला, तेव्हा कोठे सर्वत्र त्यांचा शोध सुरू झाला. कित्येक गावांतून माजी विद्यार्थ्यांनीच त्यांची समाजगृहे केली आहेत.

वास्तू राखावयाची ती कशासाठी, याचे उत्तर दक्षिण कॅरोलायनातील जॉन्स आयलंड या बेटावर सापडते. तेथे मतदार होण्यासाठी राज्यघटनेतील उतारा वाचून दाखवावा लागे व बहुसंख्य प्रौढ कृष्णवर्णीय निरक्षर होते. ईसॉ जेन्किन्स नावाचे गृहस्थ बेटावरील लोकांना आपल्या बसमधून चार्ल्स्टन शहरात कामाला नेत-आणीत; त्या प्रवासात ते उतारूंना घटनेतील कलमे शिकवीत. धावत्या गाडीत शिकणार किती? म्हणून रीतसर वर्ग काढण्याचे ठरले. परंतु शाळेच्या मुख्याध्यापकाने भीतीपोटी जागा नाकारली; धर्मोपदेशकानेही नाकारली. त्यांना दोष देणे सोपे आहे. ज्याची भाकरी दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते त्याच्या हातातील किल्लीही दुसऱ्याचीच असते. अखेरीस जेन्किन्स यांच्या ‘प्रोग्रेसिव्ह क्लब’ने टेनेसीतील हायलँडर या प्रौढशिक्षण संस्थेकडून १,५०० डॉलर कर्ज घेऊन एक जुनी शाळेची इमारत विकत घेतली. पुढच्या भागात वाणसामानाचे सहकारी दुकान थाटले, मागच्या खोल्यांत वर्ग. येणाऱ्या-जाणाऱ्या गोऱ्या शेजाऱ्यास दुकानच दिसावे, अशी ही व्यवस्था होती.

जानेवारी १९५७ मध्ये तो वर्ग सुरू झाला. शिक्षिका बर्निस रॉबिन्सन यांचा धंदा केशभूषेचा व शिवणकामाचा. शिकविण्याचा अनुभव नव्हता. त्यांना या कामी मुद्दाम निवडले ते त्यांच्या आप्त सेप्टिमा क्लार्क यांनी. क्लार्कबाई स्वतः चाळीस वर्षांच्या अनुभवी शिक्षिका. परंतु कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या एका राष्ट्रीय संस्थेचे सभासदत्व सोडावयास नकार दिला, म्हणून १९५६ साली त्यांची सरकारी नोकरी गेली होती. केशभूषा करणाऱ्या बाईचे गिऱ्हाईक तिच्याच समाजाचे, म्हणून तिला नोकरीवरून काढणारा कोणी नाही, हा विचार या निवडीमागे होता. पहिल्या दिवशी चौदा प्रौढ आले. रॉबिन्सनबाईंनी मुलांची पुस्तके आणली होती ती बाजूला ठेवली व प्रत्येकाला विचारले, तुम्हाला काय शिकावयाचे आहे? कोणाला आपली सही करावयाची होती, कोणाला मनिऑर्डरचा कागद भरावयाचा होता, कोणाला बायबल वाचावयाचे होते. आणि सर्वांना मतदार व्हावयाचे होते. त्याच वस्तू पाठ्यपुस्तके झाल्या. शेतीची कामे नसतात त्या हिवाळ्याच्या दोन महिन्यांत, आठवड्यास दोन रात्री, असा हा क्रम होता. त्यातून बेटावर मतदारांची संख्या वाढली, शेजारच्या बेटांवर वर्ग निघाले, आणि १९६१ पासून मार्टिन लूथर किंग यांच्या संघटनेने ही ‘नागरिकत्व शाळां’ची चळवळ सर्व दक्षिणेत नेली. पुढील काळात त्या शाळांतून तयार झालेल्या साध्यासुध्या स्त्रियांनी व शेतकऱ्यांनी इतरांना शिकविले. क्लबाचे कर्जही फेडले गेले. हा सारा व्याप एका दुकानामागील खोल्यांत मावला होता.

शेवटी ब्रुकलिनमधील वीक्सव्हिलचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही, कारण सेनेका व्हिलेजच्या नशिबी जे आले नाही ते याच्या आले. १८३८ साली जेम्स वीक्स नावाच्या गोदी-कामगाराने येथे जमीन घेतली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पाचशेच्या आसपास वस्ती झाली. शाळा, अनाथालय, वृद्धाश्रम, वर्तमानपत्र ही सर्व अंगे या गावाला होती. १८६३ सालच्या दंगलीत न्यूयॉर्कमधून जीव घेऊन पळालेल्यांना येथे आसरा मिळाला. पुढे शहर वाढत वाढत गावाला गिळून बसले. नव्या रस्त्यांच्या आखणीत जुना हंटरफ्लाय मार्ग नाहीसा झाला आणि गावाचे नाव विस्मरणात गेले. १९६८ साली जेम्स हर्ली हे इतिहाससंशोधक व जोसेफ हेन्स हे विमान चालविता येणारे अभियंता यांनी आकाशातून पाहणी केली. सरळ रस्त्यांच्या चौकटीत न बसणारी, तिरकस तोंडे केलेली चार लाकडी घरे त्यांना दिसली. आजूबाजूच्या आखणीपूर्वीच्या त्या जुन्या वाटेची ती घरे होती.

ती वाचविली ती मात्र शेजाऱ्यांनी. जोन मेनार्ड या चित्रकार बाईंनी अनेक वर्षे या कामाची धुरा वाहिली. जवळच्या शाळेतील मुलांनी वारसा-आयोगापुढे जाऊन घरांच्या बाजूने सांगितले व आपसांत पैसेही जमविले. १९७० साली घरांना संरक्षित वास्तूंचा दर्जा मिळाला. दर्जा मिळाल्याने मालकी येत नाही, हे ओळखून संस्थेने १९७३ साली ती घरे खरेदी केली. दुरुस्तीला मात्र तीस वर्षे लागली. पैसा येई तसतसे काम चाले, आणि २००५ साली ती पाहण्यास खुली झाली. मेनार्डबाईंनी ते पाहिले. पुढील वर्षी त्या वारल्या.

२०१९ साली संस्थेच्या तिजोरीत काही महिने पुरेल एवढाही पैसा उरला नाही, तेव्हा विश्वस्तांनी ही गोष्ट न लपविता जाहीर केली आणि २ लक्ष डॉलरांची मागणी लोकांपुढे ठेवली. हजारो लोकांच्या लहानलहान रकमांनी ती मुदतीच्या आत पुरी झाली, किंबहुना तिच्या वरही गेली. त्याच वर्षी न्यूयॉर्क महापालिकेने आपल्या नियमित अनुदानास पात्र असलेल्या सांस्कृतिक संस्थांच्या मंडळात वीक्सव्हिलचा समावेश केला.